सराव संपेपर्यंत

"लपवून ठेवलाय तुमी त्याला!" साखरबाईनं चौकीच्या टेबलावर हात आपटला. "माजा पोरगा परत द्या."

हवालदार कमलेश खुर्चीतून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. "मावशी, आमच्याकडे नाही तो."

"मग कुनाकडं हाय?"

 कमलेशनं समोरचा पेन उचलून पुन्हा खाली ठेवला. दारात उभ्या असलेल्या तेजलनं ते पाहिलं. माहीत नसतं तर माहीत नाही म्हणाला असता, असं तिला वाटलं.

तिचा नवरा मिथुन सोमवारी पहाटे छोटी होडी घेऊन एकटाच जाळं काढायला गेला होता. तो परतला नाही. त्याच सकाळी नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांचा एकत्र सराव सुरू झाला. त्यांच्या गावच्या, मुरब्याच्या माडांवरून हेलिकॉप्टर इतकं खाली आलं की वाळत घातलेले बोंबील उडाले. काही जवान शत्रू बनून गुपचूप किनाऱ्यावर उतरतील आणि पोलीस त्यांना पकडतील, असं पंचायतीनं भोंग्यावरून सांगितलं होतं.

पूर्वी गावात बातमी पायानं चालत यायची. कुणी वाणगावहून आलं की ओट्यावर बसून सांगायचं आणि ऐकणारा त्याच्या तोंडाकडे बघून खरंखोटं ठरवायचा. आता बातमी फोनमध्ये येते आणि तिला तोंड नसतं. कुणी म्हणालं, सराव नुसतं नाव आहे, किनारा रिकामा करायचाय. कुणी म्हणालं, तारापूरच्या अणुकेंद्रात काहीतरी गळलंय.

मंगळवारी संध्याकाळी आणखी एक बातमी आली. शत्रूच्या बाजूला खाडी ओळखणारी कोळ्यांची पोरं घेतात. त्यांचे फोन काढून घेतात. सराव संपेपर्यंत घरच्यांनाही कळू देत नाहीत.

तेजलनं ती बातमी घट्ट धरून ठेवली. शेजारचे कृष्णकांतकाका होड्या हाकणारे जुने तांडेल, उभा जन्म दर्यात गेलेले. ती त्यांच्याकडे धावत गेली.

"काका, खरं हाय काय हे?"

काका जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मागं पन नेलेली दोन पोरं. आली परत. सरकारी जेवन जेवून गाल वर आलेले."

"पन सांगून तरी जायचं!"

"अगो, नवरा कदी सांगून जातो काय?"

ती हसली. सोमवारनंतर पहिल्यांदाच. काकांचा धागा मात्र गुंतला होता आणि तो काही केल्या सुटेना.

त्या दिवसापासून साखरबाईनं सुनेला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. तेजलला नववा लागला होता. शेजारणी आळीपाळीनं डबा आणायच्या. भात, आमटी, कधी भाजी.

"आज पन मासली नाय, आई?"

"दर्या बंद केलाय ना त्यांनी. कुटली मासली?"

ते खरंच दिसत होतं. सगळ्या होड्या खाडीत ओळीनं बांधलेल्या होत्या.

"मी चौकीवर जाते," आज सकाळी तेजल म्हणाली.

"तू पडून राव. डॉक्टर काय बोलला? गेल्या टायमाला बाप गेल्याचं ऐकलंस नि सातव्यात पोर घालवून बसलीस."

"म्हनून तर जाते. त्याला बगितल्याबिगर हे पन नाय राहनार माज्या पोटात."

 साखरबाईनं सुनेच्या कपाळावरची सरकलेली टिकली अंगठ्यानं नीट केली. "चल. मी भांडते त्यांच्याशी. तू फक्त उबी राव."

रिक्षावाला बोईसरच्या कारखान्यांतल्या माणसांची ने-आण करणारा. त्यानं वाटेत मागं वळून म्हटलं, "भाभी, मेरे को भी मेसेज आया. आदमी लोग को उठा के ले जाते हैं."

"ऐकलंस?" साखरबाई म्हणाली. "सगल्यांना म्हाईत हाय."

आता चौकीत साखरबाई भांडत होती. तेजल दारातून पुढे आली. टेबलाची कड धरून ती हळूहळू खाली बसायला लागली, तसा कमलेश घाईनं उठला.

"ताई, खुर्ची घ्या. पाणी आणू?"

"पानी नको. साहेब, तुमाला सांगायची बंदी असेल. सांगू नका. कुटं हाय ते पन नको." तिचा आवाज फुटला. "नुसती मान हलवा. जिता हाय ना तो?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली, ती बंद पडली, पुन्हा सुरू केली. कमलेशनं साखरबाईकडे पाहिलं. साखरबाई त्याच्याकडे डोळे रोखून उभी होती.

कमलेशनं मान हलवली.

तेजल तोंडाला पदर लावून रडली. रडता रडता हसली. "येऊ तर दे घरी," ती म्हणाली, "चांगला झोडपते."

साखरबाईनं तिला धरून रिक्षात बसवलं. "बस हितं. त्या मेल्याला आनकी चार शिव्या घालून येते." आणि ती परत आत गेली.

कमलेश अजून उभाच होता. चौकीत दुसरं कुणी नव्हतं.

"मावशी, सराव कालच संपला. आज मान हलवली. उद्या ही परत आली तर काय करू?"

"उद्या पन हलव." साखरबाईनं भिंतीचा आधार घेतला. "पोर तिच्या कुशीत आलं की मी सांगेन तिला. मी वलकलाय त्याला, मीच घरी नेईन. तवर मिथुनला शवागारातच राहू दे."