मिनिटभराची कळ

डॉक्टर नाईकनवरे यांनी दुसऱ्याची कळ जाणवून देणाऱ्या पट्ट्याचं एक टोक द्वारकामावशींच्या कमरेला लावलं, दुसरं स्वतःच्या. रुग्णाची कळ मिनिटभर सोसल्याशिवाय औषध लिहायचं नाही, असा आता नियमच होता.

गेल्या महिन्यात मावशींची कळ कमरेपासून टाचेपर्यंत उतरली, तेव्हा डॉक्टर टेबल धरून उभे राहिले होते. आज डॉक्टरांच्या पायाला नुसत्या मुंग्या आल्या.

"सायटिकाचं दुखणं बरंच कमी झालंय," ते म्हणाले. "तुम्हाला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. तिच्यासोबत दुखण्याचं औषध नकोच. बंद करू."

मावशींनी मान डोलावली. उठताना मात्र त्यांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की डॉक्टर बघतच राहिले.

"मावशी, खरं सांगा. काय केलंत?"

"दोन दिवस खाणावळीत भाकऱ्या थापायला गेले नाही, पडून होते. येतानाही रिक्षात आडवी होऊन आले." मावशी खाली बघत म्हणाल्या, "तुम्हालाही प्रेशरची गोळी आहे ना. मागच्या वेळी केवढे घामाघूम झालात."

डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला.

"उद्या खाणावळीच्या सगळ्या भाकऱ्या थापा आणि तशाच इकडे या," ते म्हणाले. "मी माझी गोळी घेऊन बसतो."