मशीन लावायला आलेली

नवरीच्या खोलीत दिपिकाने छोटा कॉम्प्रेसर टीपॉयवर ठेवला. थरथरून आवाज होऊ नये म्हणून खाली टॉवेलची घडी सरकवली. नळी मेकअप फवारायच्या गनला जोडली. चेहऱ्यासाठी हवेचा जोर अगदी कमी लागतो; बटण हळूहळू फिरवत तिने तो खाली आणला आणि पहिला फवारा टिशूवर मारून पाहिला. रंग एकसारखा बसला. मग तिने नवरीच्या, विनिताच्या हनुवटीखाली थोडासा मारला.

नवरी आरशात बघून हसली. "कळतपण नाही काही लावलंय ते!"

उन्नतीने मागून दिपिकाच्या पाठीवर थाप मारली. मेकअपच्या क्लासला दोघी शेजारी बसायच्या. आज भिवंडीहून शेलार गावाला येताना स्कूटीवर उन्नतीच म्हणाली होती, "केस माझ्याकडे, चेहरा तू कर. तुझा हात हलका आहे." दिपिका पहिल्यांदाच कुणा नवरीचा चेहरा करणार होती.

तेवढ्यात विनिताची आत्या ओटीचं ताट घेऊन आत आली. दिपिकाला पाहून थबकली.

"तू कुठली गो?"

"ठाकरवाडीची हाय मी. पडघ्याच्या वर, डोंगरात."

आत्याने ताट खाली ठेवलं. "उन्नती, पोरीच्या तोंडाला हात कोन लावनार?"

विनिताने मान खाली घातली. दिपिका उन्नतीकडे बघत राहिली.

उन्नती हातातला कंगवा साफ करत म्हणाली, "मीच, आत्या. ही फक्त मशीन लावायला आलीय." आणि मग, वर न बघता, "झालं ना गं लावून?"

"झालं," दिपिका म्हणाली. गन तिने उन्नतीच्या हातात दिली, स्वतःची बोटं पुसली आणि चपला शोधून बाहेर पडली.

मांडव ओलांडून ती रस्त्याला लागत होती, तेव्हा उन्नती धावत मागे आली.

"अगं, थांब ना! जेवून तरी जा. आत्यांपुढे काय बोलणार मी? तुला माहितेय, मी असलं काही मानत नाही."

दिपिकाने तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हणून तर आले होते."