क्रियापदाची वाट

दादाचं वाक्य "बारक्या…" या शब्दावर येऊन अडलं होतं. समोर वृद्धाश्रमातून घरी आलेल्या व्यवस्थापक बाई पेन उघडून बसल्या होत्या. दोघांच्या मध्ये, स्टुलावर, बारक्या. दादाचा धाकटा भाऊ. वय पंचावन्न, पण दादाच्या लेखी अजून बारक्याच.

"काय म्हणतायत ते?" बाईंनी त्यांच्या भाषेत विचारलं.

"अजून काहीच नाही."

आश्रमाचा नियम साधा होता. माणसाने स्वतःच्या तोंडाने 'येतो' म्हणायचं, तरच खोली. घरच्यांनी त्याच्या वतीने बोललेलं चालायचं नाही. म्हणून बाईंनी रीतसर एजन्सीला फोन करून दुभाषी मागवला. पण या भावांची भाषा जाणणारा अख्ख्या शहरात एकच दुभाषी होता, आणि तो म्हणजे बारक्या. एजन्सीने त्याला त्याच्याच घरी धाडलं, वर वेळेवर पोहोचा अशी तंबीही दिली. दारात त्याला पाहून बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, ठीक आहे, पण आता तासभर तुम्ही यांचे भाऊ नाही. तो बरं म्हणाला. तसाही कामावर तो रोजच कुणाचा कुणी नसायचा.

बाई उतावीळ होत्या, त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या भाषेत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येतं. जाणार की राहणार ते सुरुवातीलाच कळतं, पुढचं ऐका न ऐका. दादाच्या भाषेत आधी माणसं येऊन बसतात, मग जागा, मग सामानसुमान. सगळे टॅक्सीत बसले तरी ड्रायव्हरचा पत्ता नसतो. बारक्याचा निम्मा जन्म त्या ड्रायव्हरची वाट बघण्यात गेला होता. दुसऱ्याचं अर्धं वाक्य डोक्यावर घेऊन उभं राहायचं आणि क्रियापद आलं की खाली उतरवायचं, हाच त्याचा धंदा.

दादाने तर उभ्या आयुष्यात खरीच टॅक्सी चालवली. गिऱ्हाइकाला एक वाक्य पुरं करू देईल तर शपथ. गेल्या वर्षी त्याला मेंदूचा झटका आला. या शहराची भाषा पार पुसली गेली आणि घरच्या भाषेतली वस्तूंची, माणसांची नावं तेवढी उरली. क्रियापदं गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी.

तेव्हापासून क्रियापदं बारक्या पुरवायचा. दादा म्हणायचा, "खिडकी." उघडू? मान आडवी. लावू? मान उभी. "चहा." करू? गरम करू? ओतून टाकू? दिवसभर दवाखान्यांत आणि कोर्टांत लोकांची वाक्यं वाहायची आणि घरी आल्यावर पुन्हा हेच. रात्री दादाने हाक मारली की अंधारातच अंदाज सुरू. आणि मग गेल्या महिन्यात कोर्टात एक साक्षीदार "मी त्याला…" म्हणून घुटमळला, तेव्हा घरच्या सवयीने बारक्याने पुढचं 'मारलं' स्वतःच जोडून दिलं. साक्षीदाराला 'ओळखत नाही' म्हणायचं होतं. कसंबसं निस्तरलं. पण न्यायाधीशांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती काही त्याच्या मनातून गेली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने आश्रमाला फोन केला.

खरं सांगायचं तर त्याला दादा जायला हवा होता. अंग आंबेपर्यंत झोपायचं होतं. एकदा तरी घरात कुणीही काहीही न मागता संध्याकाळ काढायची होती. या विचाराची लाजही वाटायची, पण लाज वाटून थकवा कमी होत नाही.

आता तर काम सोपं होतं. 'तिकडे…' म्हणून दादा अडला की 'यायचंय?' एवढं पुरवायचं. दादा मान हलवणारच. वर्षभर त्याने दिलेलं बहुतेक सगळं दादाने गोड मानून घेतलं होतं. बारक्याच्या ओठांवर ते आलंही. त्याने दात घट्ट मिटले. कोर्टातलं पुन्हा नको. आज तो एकही शब्द पुरवणार नव्हता.

"बारक्या…" दादा पुन्हा म्हणाला. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. हात हवेत काहीतरी शोधू लागला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बारक्याने तळहाताने त्यांना थांबायची खूण केली आणि स्वतःही थांबला.

"बारक्या… दमला."

त्या शब्दाने दादा स्वतःच दचकला. मग हातात सापडलेली वस्तू पुन्हा निसटू नये अशा घाईने म्हणाला, "मी… तिकडे… जातो."

वर्षभरात बारक्याने दादाला शेकडो क्रियापदं देऊन पाहिली होती. त्यांतलं एकही बारक्याच्या स्वतःबद्दल नव्हतं. हे दादाने एकट्याने, कुठून कुठून धुंडाळून आणलं होतं. बारक्याचे डोळे भरून आले आणि तो उगाच चष्मा पुसू लागला.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं. "हो की नाही?"

बारक्याने चष्मा लावला. आवाज कामाचाच ठेवला.

"नाही म्हणतायत," तो म्हणाला. "इथेच राहायचं म्हणतायत."

खात्री करून घ्यायला बाईंनी दादाकडे पाहिलं. जायचं ठरलं एकदाचं, असं समजून दादाने समाधानाने मान डोलावली. मग बारक्याकडे वळून, खुर्चीतून उठायला हात पुढे करत म्हणाला, "कोट."