डाव्या कोपऱ्यातलं फडकं

हेमालीने कंटेनरच्या डाव्या कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि पटकन ओढणीखाली लपवलं. मग मोबाइल काढून नेहमीच्या नोंदीसाठी रिकाम्या कंटेनरचे फोटो घेतले. जमीन, दोन्ही भिंती, छत. कसं चकाचक! वडप्याच्या सगळ्या गोदामांत गुणामावशीसारखा झाडू मारणारी दुसरी बाई नव्हती. दर मंगळवारी हे एवढं फडकं मात्र ती आत ठेवायचीच.

फडक्यात नेहमी तेच. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी.

कंटेनर बंदरातून भरून यायचे, गोदामात रिकामे व्हायचे, परत बंदराच्या यार्डात जायचे आणि तिथून बोटीवर चढून कुठल्या कुठे. यार्डातली तपासणी कडक. आत खाण्याचा कण दिसला तरी गाडी माघारी. सुपरवायझर भूपेशने बजावूनच ठेवलं होतं, ज्याच्यामुळे गाडी परत येईल त्याने दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं नाही.

गुणामावशीचा मुलगा जीवन त्याच बंदरात टगवर होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलत धक्क्याला लावणारी छोटी, दांडगी बोट. तीन वर्षांपूर्वी समुद्र खवळलेला असताना तो तिच्यावरून पडला. बंदराच्या माणसांनी चार दिवस शोधलं. काही हाती लागलं नाही. भाऊबंद म्हणाले, दहावं घाल, कावळ्याला घास ठेव. गुणामावशीने त्यांना अंगणातूनच वाटेला लावलं. जित्या पोराचा घास कावल्याला कशाला, म्हणाली. त्याला एखाद्या जहाजाने उचललं असणार. जवळ ना फोन, ना कागद, मग ते त्याला उतरू देणार कसे? आणि तिथे त्याला बोंबलाची चटणी तरी कोण देणार?

पहिल्यांदा फडकं सापडलं तेव्हा हेमाली तिला समजावणारच होती. पण दुसऱ्या दिवशी मावशीनेच आधी विचारलं, कालचा कंटेनर माघारी तर नाही ना आला? हेमाली नाही म्हणाली.

"मंग पोचलं," म्हणून मावशी अशी हसली, की हेमालीने समजावणं सोडूनच दिलं.

तेव्हापासून आठ महिने हेच चाललं होतं. पहिलं फडकं हेमालीने गेटवरच्या कुत्र्यापुढे सोडलं. दुसऱ्या वेळी चटणीचा वास आला आणि तिला राहवलंच नाही. गोदामामागे बसून, रडत रडत, तिने दोन्ही भाकऱ्या संपवल्या. मग दर मंगळवारी ती घरून डबा आणेनाशी झाली.

आणि एका मंगळवारी तिची कॉलेजची परीक्षा आली. फोटो भूपेशने काढले, घाईघाईत, दारातूनच.

गुरुवारी गाडी माघारी आली. भूपेशने फडकं गुणामावशीच्या पुढ्यात टाकलं. हे तुमचंच ना, कितीदा सांगायचं, आता उद्यापासून... तो बोलत होता, पण मावशी ऐकतच नव्हती. ती खाली बसली. गाठ सोडली. भाकरीला बुरशी धरली होती, मुंग्या लागल्या होत्या. तिने एकेक मुंगी बोटाने बाजूला केली. मग मान वर करून हेमालीकडे पाहिलं.

"आदीची पोचली ना गो?"

हो म्हणणं किती सोपं होतं! हेमालीने तोंड उघडलंही. पण त्या भाकरीकडे बघून तिला ते जमलं नाही.

"नाही मावशी. मीच काढून घ्यायचे. तुमचं काम जाऊ नये म्हणून."

"सगली?"

"सगळी."

भूपेशचा फोन वाजला नव्हता, तरी तो कानाला लावून बाहेर निघून गेला. उद्याचं वाक्य त्याने पुरं केलंच नाही.

मावशीने फडक्याची गाठ परत बांधली आणि विचारलं, "खाल्लंस तरी ना?"

हेमालीने मान हलवली.

"बरा केलंस. कोनाच्या तरी लेकराच्या पोटात गेला." आणि ती झाडू घेऊन उठली.

पुढच्या मंगळवारी हेमाली सवयीने कंटेनरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत गेली. कोपरा रिकामा होता. तिने वाकून पाहिलं, उजवा कोपराही पाहिला. काहीच नाही. फोटो काढून ती बाहेर आली, तर गुणामावशी कुठे दिसेना.

ती गोदामामागे सापडली. कंपाउंडच्या भिंतीवर पळसाचं पान होतं. पानावर भाताचा मुटका, त्यावर काळे तीळ आणि बाजूला चिमूटभर बोंबलाची चटणी. मावशी हात जोडून चार पावलं मागे सरली आणि वाट बघत उभी राहिली.

वाट बघावीच लागली नाही. कावळा लगेच उतरला, जणू तीन वर्षं तोच थांबला होता.