गालांवरची लाली

पडद्यावर मुलाच्या मेंदूचं चित्र उमटलं, तशी आईने खुर्ची पुढे ओढली. उभं आयुष्य शिवणकामात गेलेलं. कुठलीही गोष्ट उलटून आतली शिवण बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हा काळा फुगा कसला, त्याच्या कडेचा पांढरा ठिपका कसला, तिने डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं. मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. घोर त्याच्या जिवाला आणि प्रश्न हिचे.

बाईंना ही चौकस आई आवडली असावी. त्यांनी नीट समजावलं. लहान मेंदूतली, रक्तवाहिन्यांची गाठ आहे. क्वचितच होते, कर्करोगाची नसते, सबंध काढता आली की माणूस सहसा बरा होतो. पण लबाड असते. कधीकधी शरीराला जास्तीचं रक्त करायला लावते, मग चेहरा असा लालबुंद दिसतो.

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, सुनेच्या हातचं अंगी लागलंय," आई म्हणाली. मुलगाही हसला.

तोल जाणं, सकाळी डोकं दुखून उलट्या होणं, तेही गाठीमुळेच. मग बाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असं काही झालं होतं का. काही घरांत हा आजार पिढीतून पिढीत उतरतो. तसं असेल तर याच्या लेकीलाही आत्ताच तपासायला हवं.

"नाही," मुलगा म्हणाला. "बाबा दारूपायी गेले. जिन्यावरून पडले."

हे त्याला आईनेच सांगितलं होतं आणि आईला सगळ्या गल्लीने. लाल तोंड, सकाळच्या ओकाऱ्या, भिंत धरून चालणं; आणखी कसला पुरावा हवा होता? ते बिचारे शपथा घ्यायचे, थेंबही शिवला नाही म्हणून. पुढे पुढे तेही सोडलं त्यांनी.

आई पडद्याकडे बघत राहिली. प्रश्न संपले होते. बोटं तेवढी खुर्चीच्या कापडाची शिवण चाचपत होती.

"लिहा, डॉक्टर," ती म्हणाली. "ह्याच्या बाबांनाही हेच झालं असणार."

मुलाने वळून तिच्याकडे पाहिलं.

"त्यांच्या तोंडाला कधी वास आलाच नाही रे," ती म्हणाली. "मला वाटायचं, किती हुशार माणूस आहे, कसं लपवतो."