बाईंचा थर

“झाकण उघडा,” संचालक म्हणाले, “आणि बाईंना पुढे येऊ द्या. बघू देत स्वतःच्या डोळ्यांनी.”

भूकंपमापन केंद्राच्या तळघरात सहाजण दाटीवाटीनं उभे होते. तंत्रज्ञ गुडघे टेकून यंत्राचे स्क्रू काढू लागला. चौकशी समितीच्या तिघांनी कोंदट वासापायी नाकाला रुमाल लावले होते. बाई भिंतीला टेकल्या होत्या.

पृथ्वीच्या गाभ्याच्याही आत एक मऊ थर आहे, हे बाईंनी याच यंत्राच्या नोंदींवरून मांडलं होतं. पृथ्वीच्या पोटातून परतणारी भूकंपाची लहर इथे उलटी उमटायची. पलीकडे मऊ काही असेल तरच ती तशी उलटते. बावीस वर्षं पुस्तकांत तो ‘बाईंचा थर’ म्हणूनच छापला जात होता. बाईंनी ना लग्न केलं, ना घर बांधलं. जन्माची कमाई म्हणावी तर हीच.

संचालक त्यांचेच विद्यार्थी. एके काळी बाईंच्या शब्दाबाहेर नव्हते. खुर्ची मिळाली आणि बाई डोळ्यांत सलू लागल्या. तीन वर्षं हा गृहस्थ गुरूच्या कामात खोट हुडकत होता. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी.

झाकण निघालं. लाल तारेच्या जागी काळी होती, काळीच्या जागी लाल.

“उलटी जोडणी!” संचालकांचा आनंद लपेना. “म्हणजे लहर सरळच येत होती, बाई. तुमचा थर या डबड्यात होता!”

समितीतला एकजण फिसकन हसला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या खाली वाकून तारांकडे बघत राहिल्या.

“असलं गाढवकाम पहिल्या वर्षाचं पोरही करणार नाही,” संचालक म्हणाले. “कोणी जोडलं होतं हे?”

तारा जोडणाऱ्यानं सही केलेली चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवायची, अशी तिथली रीत होती. तंत्रज्ञानं झाकण उलटं करून चिठ्ठी वाचली आणि संचालकांकडे पाहिलं.

“वाच की मोठ्यानं! दातखीळ बसली का?” संचालक खेकसले.

बाईंनी त्याच्याकडून झाकण घेतलं आणि संचालकांच्या हातात दिलं. चिठ्ठीवर संचालकांचीच सही होती.

“चूक माझीच,” बाई म्हणाल्या. “माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्यानं जोडलं होतं, म्हणून मी तपासलं नाही.”