कोरडे बूट

शांत दुपारी माळ्याचं दार करकरलं आणि सोफ्यावर पेंगणारा नवरा हसला. "अगं, गड उद्यापर्यंत पळून नाही जाणार."

रेवाच्या जन्मापासून पावसाळ्यातले सगळे रविवार त्याचे होते. तो चिंब होऊन परतायचा आणि मी त्याच्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. उद्या मात्र ट्रेकला मी जाणार होते. घरी तो थांबणार होता.

माझे बूट काढून झटकले, तर सोल सुटून त्यांचा फरशीवर चुरा झाला.

"न वापरता ठेवले की कुजतात गं," तो म्हणाला. "उद्या मीच जाऊन येऊ का? गाडीतली जागा रिकामी जाईल."

रेवा बोटाने चुरा गोळा करत होती.

"आई, तू का नाही वापरलेस?"